बिल्ला नसलेल्यांनी बाहेर जावं

बाबा,

तुम्हाला मी क्षमा केलेली नाही, हे पहिल्याच ओळीत सांगून टाकते. उगाच आशेने पुढे वाचायला नको. तुम्हाला जाऊन पन्नास वर्षं होऊन गेली आणि एवढ्या वर्षांत तुम्हाला एक ओळ लिहावी असं मला कधी वाटलं नाही. आज लिहायला बसले त्याला कारण आपल्या मंडळीचे नवे पाळक. मला नातू असता तर त्यांच्याच वयाचा असता. गेल्या रविवारी त्यांनी व्यासपीठावरून सांगितलं, की पुढच्या रविवारी प्रभुभोजन आहे, तेव्हा ज्याचं कोणाशी वाकडं असेल त्याने आठवड्याभरात समेट करून यावं, आणि ते माणूस हयात नसेल तर त्याला पत्र लिहावं. पत्र पाठवायचं नाही, नुसतं लिहायचं. हे असलं काही ते बाहेर शिकून आलेत. मी मनात हसले. पण उपासना संपल्यावर त्यांनी मला दाराशी गाठलं आणि विचारलं, "आजी, भाकर तुम्ही भाजता, आणि ताट तुमच्यापर्यंत आलं की पुढे सरकवता. असं का?" मी म्हटलं, दात दुखतात. ते माझ्या दातांकडे बघत राहिले. माझे दात अजून सगळे शाबूत आहेत, आईवर गेलेत.

आज शनिवार. उद्याच्या भाकरीचं पीठ मळून फडक्याखाली ठेवलंय, ते फुगून यायला अजून वेळ आहे. तेवढ्या वेळात तुमचा हिशेब मांडते. हिशेब मांडायची सवय तुमचीच. शनिवारी दुपारी शाळा सुटली की तुम्ही आपल्या ओट्यावर चटई टाकून बसायचात, पुढ्यात तो पत्र्याचा डबा, आणि त्यात पितळेचे गोल बिल्ले, मधोमध क्रूस कोरलेला. महिन्याच्या पहिल्या रविवारी ज्याच्या हातात बिल्ला असेल त्यालाच प्रभूच्या मेजाची भाकर आणि प्याला मिळायचा. शाळेचे मास्तर म्हणून मिशनची वस्ती तुम्हाला मान द्यायचीच, पण शनिवारी तुम्ही मंडळीचे पंच असायचात, आणि पंचाला वस्ती घाबरायची. एकेक जण येऊन समोर उभा राहायचा. तुम्ही मान वर न करता विचारायचात, कोणाशी भांडण आहे का? नळावर दोघी कडाकडा भांडलेल्या असल्या तर तुम्हाला ते आधीच माहीत असायचं. मग तुम्ही मला हाक मारायचात आणि मी घरातून पाण्याचा तांब्या आणायची. आपल्या वस्तीचा तो रिवाज होता, दुसऱ्या कुठल्या मंडळीत मी तो पुढे पाहिला नाही. भांडलेल्या दोघींनी एकाच तांब्यातून पाणी प्यायचं. एकीने अर्धं, उरलेलं दुसरीने. तोंडाने क्षमा मागितली नाही तरी चालायचं, पण उष्टं पाणी घशाखाली उतरलं पाहिजे. मगच दोघींच्या हातात बिल्ले.

तो रिवाज तुम्हीच घातला होता, आणि तो का घातला हे आता मला कळतं. आपल्या वस्तीत कोण कोण होतं! कोणी कुणबी, कोणी आपल्यासारखे महारवाड्यातून आलेले, एक घर ब्राह्मणाचं, दोन घरं पूर्वी मुसलमान असलेल्यांची. बाप्तिस्मा झाला तरी ओठ जुनेच असतात. प्याला पुढे आला की लोक हळूच कडा पुसायचे, कोणी नुसता ओठांना लावल्यासारखं करून पुढे द्यायचे. एका उच्च कुळातल्या गृहस्थाने तर निरोप धाडला होता, की मला आधी प्यायला देत असाल तर येतो. तुम्ही त्याला सगळ्यांच्या शेवटी बसवलंत. तो सहा महिने फुगून बसला आणि मग मुकाट्याने शेवटी येऊन प्यायला. रविवारच्या शाळेत तुम्ही आम्हा पोरांना विचारायचात, घरात बसून प्रार्थना होत नाही का? होते ना! मग सगळ्यांनी एका छपराखाली का जमायचं? मग तुम्ही सांगायचात, देवाला आपल्या गाण्याची भूक नाही. ज्याच्या शेजारी तू एरवी बसला नसतास त्याच्या शेजारी तुला बसवावं म्हणून तो बोलावतो. आणि प्रभुभोजन हे औषध नाही, की एकट्याने कोपऱ्यात बसून घोट घ्यावा. आजाऱ्याच्या बिछान्याशीसुद्धा पाळकाशिवाय मंडळीतला निदान एक माणूस त्याच्याबरोबर खाणारा लागतो. एकट्याला ते देता येत नाही. हे वाक्य तुम्ही माझ्याकडून पाठ करून घेतलं होतं. नीट पाठ करून घेतलंत, त्याबद्दल आभार.

म्हणजे न्याय तुमचा चांगला होता. फक्त तो उंबऱ्याबाहेर चालायचा. दिवा लावावा जगाला आणि घरात अंधार, अशी आपल्या घराची तऱ्हा.

ती भाकर भाजायची कोण? आई. वस्तीवरच्या मडमेने तिला शिकवलं होतं, पण मडमेपेक्षा आईची भाकर हलकी व्हायची, हे मडमच सांगायची. शुक्रवारी गहू निवडायचे, एक खडा म्हणून राहू द्यायचा नाही. जात्यावर ती स्वतः दळायची. मागच्या वेळच्या पिठाचा आंबलेला गोळा ती मडक्यात जपून ठेवायची, तो नव्या पिठात मिसळायचा, रात्रभर झाकून ठेवायचा आणि शनिवारी पहाटे घासलेटच्या डब्याच्या भट्टीत, खाली निखारे, वर निखारे. वास सगळ्या चाळीत जायचा. रविवारी तुम्ही ती पांढऱ्या फडक्यात गुंडाळून दोन्ही हातांत धरून न्यायचात, आणि आई तुमच्या चार पावलं मागून चालायची. तुमच्या हातात ती भाकर इतकी रुबाबदार दिसायची, की लहानपणी मला वाटायचं ती तुम्हीच भाजता.

पंचवटीत रामाच्या देवळापुढे सत्याग्रह सुरू झाला तेव्हा मी अकरा वर्षांची होते. आमच्याच जातभाईंना देवळात पाऊल टाकू देत नव्हते, म्हणून हजारो माणसं गावोगावहून येऊन दाराशी बसली होती. सिन्नरकडून मामा आला होता, आईचा धाकटा भाऊ. तो ख्रिस्ती झाला नव्हता. पायी आलेला, अंगात ताप, आणि दाराशी बसून तीन दिवस झालेले, हा निरोप आईला नदीवर कोणीतरी दिला. तिने दुपारी भाकऱ्या थापल्या, बाजरीच्या, लसणाची चटणी घेतली, माझा हात धरला आणि नदी ओलांडून पंचवटीत गेली. तुम्ही शाळेत होतात. तुम्हाला सांगून जावं असं तिला वाटलं नाही, कारण भावाला भाकर नेताना नवऱ्याला विचारायचं असतं हे तिला ठाऊकच नव्हतं.

अजून दिसतं मला ते. दार बंद, दाराशी पोलीस, ऊन असं की दगडावर पाय टेकवत नाही, आणि त्या उन्हात माणसं ओळीने बसलेली. मामा आम्हाला बघून हसला आणि म्हणाला, तू तर येसूची झालीस, तुला कशाला देऊळ? आई म्हणाली, "मला आत जायाचंच नाय. तू बसलायस म्हून आले." पोलिसाने काठी आपटून सांगितलं, उभं राहायचं नाही, बसा नाहीतर निघा. म्हणून आम्ही बसलो. आईने भाकर मोडली. आणलेल्या चार भाकऱ्या आणि आजूबाजूला माणसं वीस. तिने मामाला मोठा तुकडा दिला आणि उरलेले लहान लहान करून ओळीत पुढे देत गेली. एका अनोळखी म्हातारीने तो तुकडा आधी कपाळाला लावला आणि मग खाल्ला. मलाही एक तुकडा मिळाला. आईनेही खाल्ला. मामाने विचारलं, दाजी काय म्हणत्याल? आई म्हणाली, काय म्हणायचंय त्यात.

तुम्हाला दवाखान्यातल्या कंपाउंडरने संध्याकाळी सांगितलं. त्याने आईला देवळाच्या दाराशी बसलेली पाहिली होती, आणि बसलेली म्हटल्यावर त्याचा अर्थ तुम्हाला वाटेल तो लावायला तुम्ही मोकळे होतात. सोमवारी पंचांची बैठक शाळेच्या खोलीत भरली. मी खिडकीखाली उभी होते. पाळकसाहेब भला माणूस, पण त्यांचा कणा वेताचा. ते म्हणाले, बाई भावाला भेटायला गेली, त्यात एवढं काय. इतर पंचही माना हलवत होते. प्रकरण तिथेच मिटलं असतं. तेव्हा तुम्ही आईला विचारलंत, की तिथे त्या मूर्तीच्या दारात बसून तू त्यांच्याबरोबर जेवलीस, हे खरं का? आणि आईने, जिला कधी चार लोकांत तोंड उघडायची सवय नव्हती, तिने सरळ उत्तर दिलं. ते मला शब्द न शब्द आठवतं. ती म्हणाली, "तिथं बी एकच भाकर मोडून समद्यांनी खाल्ली. लय जन व्हते, पुरली. मला वाटलं, आपल्या हितं करतो त्येच हाय ह्ये."

पाळकसाहेबांनी खाली बघितलं. मला वाटतं त्यांना ते पटलं होतं. तुम्ही मात्र उठून उभे राहिलात. प्रभूच्या मेजाची तुलना ही बाई रस्त्यावरच्या भाकरीशी करते, ही मंडळीची निंदा आहे, असं तुम्ही म्हणालात. माझ्या घरातली म्हणून तिला मोकळीक दिली तर उद्या मी कोणाला बिल्ला नाकारू? तिला शिस्तीखाली ठेवा. मंडळीपुढे उभं राहून 'मी चुकले' म्हणेपर्यंत हिला बिल्ला नाही. हा ठराव तुमचा होता, बाबा. दुसऱ्या कोणी मांडला असता तर मी तुम्हाला दुबळे म्हणून सोडून दिलं असतं.

त्या संध्याकाळी आईने काय केलं, ते तुम्ही विसरलात का? मी नाही विसरले. तुम्ही ओट्यावर बसला होतात. ती आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली, तुमच्यासमोर उभी राहिली, अर्धं पाणी प्यायली आणि उरलेला तांब्या तुमच्यापुढे ठेवला. तुमचाच रिवाज. नळावरच्या भांडखोर बायांना जे चालत होतं ते तिला चालेल असं तिला वाटलं. तुम्ही तांब्याकडे बघितलंसुद्धा नाही. "हे भांडण तुझं-माझं नाही, मंडळीचं आहे," एवढं म्हणालात आणि वर्तमानपत्र उघडलंत. तांब्या अंधार पडेपर्यंत तिथेच होता. मग आईने तो उचलला आणि पाणी अबोलीच्या वाफ्यात ओतलं.

त्यानंतरचे रविवार तुम्हाला आत बसून दिसायचे, मला बाहेरून. उपदेश संपला, दान गोळा झालं, की तुम्ही उभे राहून मोठ्याने सांगायचात, "बिल्ला नसलेल्यांनी बाहेर जावं." मग बाप्तिस्मा न झालेले, पोरंसोरं आणि शिस्तीखालचे एकदोघे उठायचे, आणि त्यांत आई उठायची. आम्ही बाहेर चिंचेखाली बसायचो. दाराला फडकं लावलेलं असायचं. आतून गाणं ऐकू यायचं आणि आई तेच गाणं बाहेर हळू आवाजात म्हणायची, आतल्यांच्या एक पाऊल मागे. दुसऱ्यांची तान्ही पोरं ती मांडीवर घ्यायची, म्हणजे त्यांच्या आयांना आत जाता येईल. आणि सगळ्यात कमाल म्हणजे भाकर तीच भाजत होती. मी एकदा चिडून म्हटलं, नको भाजूस, बघू दे त्यांना कशी होते ती. तर म्हणाली, भाकरीनं काय केलंय? तुम्हीही तिला भाजू नको असं कधी म्हटलं नाहीत. पापी बाईच्या हातची भाकर तुम्हाला चालत होती, पापी बाईचं तोंड तेवढं चालत नव्हतं. याला आमच्याकडे काय म्हणतात ते तुम्हाला माहीत आहे, म्हणून लिहीत नाही.

चौदाव्या वर्षी माझा दृढीकरणाचा विधी झाला आणि मला पहिला बिल्ला मिळाला. तुमच्याच हातून. तुम्ही त्या दिवशी खूश होतात, मला रिबीन आणली होती, निळी. रविवारी आई बाहेर जायला उठली तशी मीही उठले, पण तिने माझा खांदा दाबून मला बसवलं. ताट आलं. मी तुकडा घेतला आणि खाल्ला नाही, मुठीत धरला. उपासना संपताच पळत चिंचेखाली गेले आणि मूठ तिच्यापुढे उघडली. घामाने त्याचा लगदा झाला होता. तिने बघितलं, आणि माझी मूठ परत मिटली. "ते चोरून खायाचं नसतं, बाय. कुनी वाढलं तर खायाचं." मग तिने तो मला खायला लावला, तिथे, पोरांच्या घोळक्यात. तुम्ही दारातून पाहत होतात. घरी आल्यावर तुम्ही माझा बिल्ला परत घेतलात, मेजाचा अपमान केला म्हणून, आणि वर्षभर दिला नाही. मला त्याचं सुख झालं. चिंचेखाली जागा होती.

पुढच्या पावसाळ्यानंतर तिला ताप भरला, मुदतीचा. एकविसाव्या दिवशी डॉक्टरांनी मान हलवली. ती महिन्याच्या पहिल्या रविवारची आदली सकाळ होती. भाकर मी भाजत होते; ती बिछान्यावरून सांगायची, आता वरचे निखारे काढ, आता फिरव. पाळकसाहेब आले. त्यांनी तुम्हाला अंगणात बाजूला घेतलं आणि म्हणाले, मास्तर, तुम्ही मान हलवा, मी आत्ता तिला प्रभुभोजन देतो, पंचांचं मी बघून घेईन. तुम्ही आत आलात. आईच्या उशाशी बसलात. तुमचा आवाज मऊ होता, हे मी खोटं कशाला सांगू. "एकच शब्द म्हण," तुम्ही म्हणालात. "चुकले म्हण." मी भट्टीपाशी उभी होते आणि मनात म्हणत होते, म्हण गं, म्हणून टाक, शब्दच आहे. आईने बराच वेळ विचार केल्यासारखं केलं. मग म्हणाली, "भावाला भाकर दिली. चुकले कशी म्हनू?" आणि माझ्याकडे बघून, "वास आला भाकरीचा. तेवढं बास."

तुम्ही उठलात. पाळकसाहेब भांडी तशीच पिशवीत घालून गेले. दुसऱ्या दिवशी, तुम्ही आत "बिल्ला नसलेल्यांनी बाहेर जावं" म्हणत असाल त्या सुमाराला, ती गेली.

तुम्ही का असं केलंत, ते मला आता समजत नाही असं नाही. गावकुसाबाहेरच्या झोपडीतून उठून तुम्ही पंच झाला होतात, आणि देवळाच्या दाराशी बसलेल्या त्या माणसांत तुमचेही सख्खे-चुलत होते. त्यांच्यातला एक समजतील ही तुम्हाला भीती होती. एवढ्या कष्टाने मिळवलेल्या खुर्चीचा पाय मोडेल असं वाटलं असेल. कळतं मला. पण कळलं म्हणजे क्षमा केली पाहिजे, असं कुठल्या शास्त्रात आहे? सुंभ जळतो, पीळ जात नाही. हा पीळ तुमचाच आहे, दुसऱ्या कोणाकडून उसना आणलेला नाही.

दोन वर्षांनी तुमच्यावर वारा गेला. उजवं अंग लुळं पडलं, तोंड वाकडं झालं. मी तुमचं सगळं केलं, त्यात कसूर केली असं वस्तीतलं कोणी म्हणणार नाही. शाळेतली माझी नवी नोकरी होती, ती सांभाळून केलं. चैत्रातल्या एका दुपारी पाळकसाहेब तेच, तीच पिशवी घेऊन आले. तुम्ही निरोप पाठवला होतात, प्रभुभोजन हवं म्हणून. भाकर मी सकाळीच भाजली होती. मुद्दाम भाजली, आईच्या पद्धतीने, दोनदा निखारे बदलून. दार-खिडक्या लावून घेतल्या होत्या, वास घरातच राहावा म्हणून. पाळकसाहेबांनी तिपाईवर फडकं अंथरलं आणि मला म्हणाले, ये बाळ, बस, बाबांबरोबर खाणारं कोणीतरी पाहिजे. मी म्हटलं, मला खाता येत नाही. माझा यांच्याशी समेट झालेला नाही, आणि समेट न होता मेजाशी बसू नये असं यांनीच शिकवलंय.

पाळकसाहेबांचा चेहरा उतरला. ते तुमच्याकडे बघेनात, माझ्याकडे बघेनात. मी बिछान्याजवळ गेले, वाकले, आणि तुम्हाला म्हणाले, "बाबा, वास आला ना? तेवढं बास." हे वाक्य मी दोन वर्षं जपून ठेवलं होतं. आई पिठाचा गोळा जपायची, मी हे जपलं. तुमचे डोळे भरले. मला बरं वाटलं. आजही लिहिताना बरं वाटतंय, हे मी त्या पाळक पोराला सांगणार नाही, पण तुम्हाला सांगते.

इथे थांबता आलं असतं. पन्नास वर्षं मी ही गोष्ट मनातल्या मनात इथेच थांबवत आले. पण पाळकसाहेबांनी पुढे विचारलं होतं, की शेजारी कोणी आहे का, मी बोलावून आणतो. आणि मी म्हणाले, कोणी नाही, सगळी सिन्नरला लग्नाला गेलीत. शेजारची बाई घरीच होती. मिरच्या कुटत होती. भिंतीपलीकडून मुसळाचा आवाज येत होता, धप् धप्, आणि पाळकसाहेबांना कमी ऐकू यायचं. तुम्हाला मात्र चांगलं ऐकू येत होतं, बाबा. तुम्ही माझ्याकडे बघितलंत, भिंतीकडे बघितलंत, आणि पुन्हा माझ्याकडे. बोलला नाहीत. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, पिशवी भरली आणि ते गेले. तुमची वाचा त्या दिवशी बंद होती असं मी सगळ्यांना सांगितलं. ती बंद नव्हती. ते गेल्यावर पाच मिनिटांनी तुम्ही पाणी मागितलंत, अगदी स्पष्ट.

मी तांब्या आणला. डावा हात तुमचा चालत होता. तुम्ही स्वतः धरून अर्धं पाणी प्यायलात. मी तांब्या घ्यायला हात पुढे केला तर तुम्ही तो सोडेनात. मग तुम्ही तो माझ्याकडे सरकवलात, हळूच, आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिलात. काय मागताय ते मला समजलं. ओट्यावर शेकडो वेळा मीच तांब्या आणून दिला होता, मला नाही समजणार तर कोणाला? मी तो उचलला, स्वयंपाकघरात गेले आणि आतून भांड्यांचा आवाज केला, मोरीत ओतून दिल्यासारखा. संध्याकाळी तुम्ही गेलात.

पीठ आता फडक्याच्या वर आलं असेल, भट्टी पेटवायला हवी. हे पत्र मी त्याच भट्टीत घालणार आहे. मोरीत मी काही ओतलं नव्हतं, बाबा. पाणी मी प्यायले, सगळं, दाराआड उभी राहून, तुम्हाला दिसणार नाही अशी.